हरलेल्यांचा वेश राष्ट्राची ओळख कसा झाला? स्कॉटलंडची प्रतीके आणि त्यांचा इतिहास

माळरान

इन्व्हर्नेसजवळच्या कलोडनच्या मैदानावर दोन वर्षांपूर्वी एप्रिल महिन्यात जाण्याचा योग आला. ओलसर, सपाट माळ आहे. पायाशी हेदरची तपकिरी झुडपे, अंगावर येणारा अखंड वारा, आणि दोन्ही सैन्यांच्या फळ्या कोठून कोठपर्यंत होत्या ते कळावे म्हणून रोवलेली निळी व तांबडी निशाणे, एवढेच लांबून दिसते. वाटेच्या कडेला ओबडधोबड दगड उभे केलेले आहेत आणि त्यांवर कुळांची नावे कोरलेली आहेत : फ्रेझर, मॅकिंटॉश, कॅमेरॉन. त्यांतल्या एका दगडावर मात्र कोणत्याच कुळाचे नाव नाही. 'मिश्र कुळे' एवढीच अक्षरे आहेत. मी त्याच दगडापाशी सर्वांत जास्त वेळ थांबलो. पुढे वाचनात आले की हे दगड लढाईनंतर १३५ वर्षांनी, म्हणजे १८८१ मध्ये, तेथे बसवले गेले. तेव्हापासून एक प्रश्न मनात घर करून आहे आणि तो सविस्तर मांडण्यासाठी हा धागा काढत आहे. स्कॉटलंडच्या एका हरलेल्या आणि हिणवल्या गेलेल्या भागाचा वेश, त्याचे वाद्य आणि त्याची कुळे ही साऱ्या देशाची ओळख कशी बनली?

स्कॉटलंड हा मुळात एकजिनसी देश नाही. उत्तरेचे आणि पूर्वेचे पिक्ट, आयर्लंडशी नाते असलेले पश्चिम किनाऱ्यावरचे गेल, क्लाइड नदीच्या खोऱ्यातले ब्रिटन, आग्नेयेकडचे अँगल आणि बेटांवर उतरलेले नॉर्स दर्यावर्दी अशा अनेक लोकांच्या मिसळणीतून तो घडला. पिक्ट आणि गेल यांची राज्ये ८४३ च्या सुमारास केनेथ मॅकअल्पिन याने एका छत्राखाली आणली असे परंपरा सांगते. ऑर्कनी आणि शेटलंड ही बेटे तर १४६८-६९ पर्यंत स्कॉटिश राजांकडे नव्हतीच. डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाने मुलीच्या हुंड्यापोटी ती गहाण टाकली आणि ती कधी सोडवली गेली नाहीत. उत्तर मध्ययुगापासून देशात दोन जगे स्पष्ट दिसू लागतात. वायव्येकडचा डोंगराळ हायलँड गेलिक बोलणारा आणि कुळांच्या बांधणीवर चालणारा होता, तर दक्षिणेकडचा व पूर्वेकडचा लोलँड स्कॉट्स बोलणारा, बाजारपेठांचा आणि विद्यापीठांचा होता. लोलँडमधल्या माणसाच्या लेखी हायलँडर म्हणजे गुरे पळवणारा रानटी मनुष्य, आणि ही भावना काही शतके टिकून होती.

राजकीय घटनाक्रम थोडक्यात असा : १३१४ मध्ये बॅनकबर्नच्या लढाईत रॉबर्ट ब्रूसने इंग्लंडच्या दुसऱ्या एडवर्डचा पराभव केला, १६०३ मध्ये स्कॉटलंडचा सहावा जेम्स इंग्लंडच्याही गादीवर बसला, आणि १ मे १७०७ रोजी दोन्ही देशांच्या संसदा एक झाल्या. या शेवटच्या निर्णयामागे पनामातील डॅरिएन येथे वसाहत उभारण्याचा १६९८ ते १७०० या काळातला फसलेला प्रयत्नही होता, कारण स्कॉटिश लोकांच्या बचतीचा फार मोठा हिस्सा त्यात बुडाला होता.

राज्यावरून हटवल्या गेलेल्या स्टुअर्ट घराण्याला पुन्हा गादीवर बसवू पाहणाऱ्यांना जॅकोबाइट म्हणत. त्यांचा अखेरचा उठाव १७४५ साली चार्ल्स एडवर्ड स्टुअर्ट याच्या नेतृत्वाखाली झाला आणि १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर तो एका तासाच्या आत संपला. जॅकोबाइटांचे सुमारे १,५०० लोक पडले. या लढाईला स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड असे रूप अनेकदा दिले जाते, पण ते खरे नाही. ड्यूक ऑफ कंबरलंडच्या सरकारी सैन्यात स्कॉटिश पलटणी होत्या, लोलँडचे लोक होते आणि कॅम्पबेल कुळाचे हायलँडरही होते. घरे आणि भाऊबंद त्या दिवशी दोन बाजूंना विभागले गेले होते.

त्यानंतर संसदेने केलेल्या कायद्याने सैन्याबाहेरच्या पुरुषांना हायलँडचा वेश घालण्यास मनाई केली. १ ऑगस्ट १७४७ पासून ती अमलात आली. पहिल्या गुन्ह्यास सहा महिने कैद आणि दुसऱ्या गुन्ह्यास सात वर्षे समुद्रापार काळे पाणी अशी शिक्षा होती. ही बंदी १७८२ मध्ये उठली. पस्तीस वर्षे हा थोडा काळ नव्हे. बंदीच्या वेळी तरुण असलेला मनुष्य ती उठली तेव्हा म्हातारा झालेला होता, आणि त्याच्या मुलांना तो वेश अंगाला लावण्याची सवयच राहिलेली नव्हती. राजाच्या फौजेतल्या हायलँड पलटणींना मात्र तोच वेश गणवेश म्हणून दिलेला होता. म्हणजे जो वेश घरी घातला असता तुरुंग मिळत होता, तो राजासाठी लढताना घालण्याची मुभा होती.

यानंतर अवघ्या चाळीस वर्षांत चित्र पालटले. १८२२ च्या ऑगस्टमध्ये चौथा जॉर्ज एडिंबराला आला. सतराव्या शतकानंतर गादीवरच्या राजाने स्कॉटलंडला दिलेली ही पहिली भेट होती. तिची आखणी कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांच्याकडे सोपवली होती. त्यांनी सरदारांना, कुळप्रमुखांना आणि नागरिकांनाही टार्टनमध्ये, म्हणजे रंगीत चौकड्यांच्या लोकरी कापडाच्या वेशात, येण्याचे सुचवले, आणि कंबरलंडचा पुतणनातू असलेला तो राजा स्वतःही किल्ट, म्हणजे त्याच कापडाचे कमरेखालचे चुण्यांचे वस्त्र, घालून दरबारात उभा राहिला. लोलँडच्या ज्या घराण्यांनी पूर्वी तो वेश कधी अंगाला लावला नव्हता, ती घराणीही आपले टार्टन कोणते याची चौकशी करू लागली.

माझे मत असे की १८२२ मध्ये जे झाले ते केवळ नाटक म्हणून बाजूला टाकता येत नाही, आणि ती अखंड प्राचीन परंपरा होती असे मानणेही खरे नाही. जाणकारांनी यावर लिहावे अशी मनापासून विनंती आहे.


आडवा धागा

माळरान, लेख अतिशय आवडला. माझे शिक्षण वस्त्रविद्येतले असल्यामुळे टार्टनविषयी, म्हणजे त्या कापडाविषयी, थोडे लिहिते. कारण त्याच्या अर्थावर जेवढे बोलले जाते, तेवढे त्याच्या विणीवर बोलले जात नाही.

टार्टनमध्ये उभ्या ताण्याला रंगांचा जो क्रम असतो, तोच क्रम आडव्या बाण्याला असतो. या क्रमाला सेट म्हणतात. बहुतेक टार्टनांत हा क्रम एका टोकापर्यंत जातो, तेथून उलटा फिरतो आणि पुन्हा मूळ जागी येतो, म्हणून तो आरशातल्यासारखा सममित दिसतो. वीण ट्विलची असते : बाण्याचा धागा दोन ताण्यांवरून आणि दोन ताण्यांखालून जातो आणि दर ओळीला एक घर पुढे सरकतो. त्यामुळे लांबून जो मिश्र रंग वाटतो तो जवळून पाहिल्यावर बारीक तिरप्या रेघांचा निघतो. दोनच रंगांचे सूत घेतले तरी डोळ्यांना तीन छटा दिसतात. सहा रंग घेतले तर एकवीस. एवढ्या थोड्या सामग्रीतून एवढी विविधता देणारी दुसरी वीण मला तरी माहीत नाही.

एडिंबरामध्ये एका कारागिराला किल्ट शिवताना तासभर पाहता आले. पूर्ण किल्टला साधारण आठ वार कापड लागते, म्हणजे आपल्या नऊवारीपेक्षा एकच वार कमी. पुढचा भाग सपाट राहतो आणि बाकीचे सारे कापड मागच्या चुण्यांत जाते. चुणी घालताना तो कारागीर प्रत्येक वेळी रेघ बोटाने चाचपत होता, कारण चुण्या मिटल्यावरही मागे सेटची आकृती न तुटता दिसली पाहिजे. सैनिकी किल्टमध्ये मात्र दर चुणीवर एकच ठळक पट्टा आणतात, त्यामुळे चालताना पट्टे एका तालात हलतात. ही सर्व शिवण तो हातानेच करत होता.

हा शिवलेल्या चुण्यांचा किल्ट त्या मानाने अलीकडचा आहे. त्याआधीचा फेलाव मोर, म्हणजे 'मोठी गुंडाळी', हे न शिवलेले लांबरुंद वस्त्र होते. ते कमरेला चुण्या घालून पट्ट्याने आवळत, उरलेला भाग खांद्यावर घेत आणि रात्री तेच पांघरून झोपत. आपल्याकडच्या धनगराच्या घोंगडीचे आणि धोतराचे काम एकच कापड करी असे म्हटले तर कल्पना येईल.


जिज्ञासू

चर्चा उत्तम चालली आहे, पण एक आक्षेप नोंदवणे आवश्यक वाटते. ब्रिटिश इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात असे मांडले आहे की हायलँडची ही परंपरा बहुतांशी अठराव्या-एकोणिसाव्या शतकात रचली गेली, आणि कमरेखालचा आखूड किल्ट तर टॉमस रॉलिन्सन या इंग्रज लोहकारखानदाराने आपल्या कामगारांच्या सोयीसाठी प्रचारात आणला. कुळागणिक वेगळे टार्टन ही कल्पनाही कापडगिरण्यांच्या विक्रीतून पसरली. १८४२ मध्ये स्वतःला स्टुअर्ट घराण्याचे वंशज म्हणवणाऱ्या दोन भावांनी जुन्या हस्तलिखिताच्या आधारे म्हणून जो टार्टनसंग्रह छापला, तो बनावट होता हेही सिद्ध झाले आहे. मग 'हरलेल्यांचा वेश' असे म्हणण्यात कितपत तथ्य उरते?


माळरान

जिज्ञासू, आपला आक्षेप महत्त्वाचा आहे आणि त्यातला मोठा भाग मला मान्य आहे. कुळागणिक टार्टन ही व्यवस्था जुनी नाही. बॅनकबर्न येथील विल्सन यांच्या विणकाम उद्योगात नमुने प्रथम आकड्यांनी ओळखले जात आणि त्यांतल्या अनेकांना कुळांची नावे नंतर चिकटली. कलोडनच्या रणात माणसाचे कूळ त्याच्या कापडावरून ओळखता येत नव्हते. जॅकोबाइट आपल्या टोपीवर पांढरी फीत लावत, तीच त्यांची खूण होती. 'मिश्र कुळे' असा दगड रोवावा लागतो तो यामुळेच.

परंतु रेघांचे लोकरी कापड आणि ते अंगावर घेण्याची पद्धत मात्र कोणी रचलेली नाही. सतराव्या शतकातल्या चित्रांत आणि प्रवासवर्णनांत ती दिसते. रॉलिन्सनची गोष्ट खरी धरली, तरी त्याने असलेल्या गुंडाळीचा खालचा भाग वेगळा केला एवढेच ठरते. आणि कायद्याने जे वस्त्र घालण्यास मनाई केली, ते लोकांच्या अंगावर होते म्हणूनच तसा कायदा करावा लागला. वस्तू जुनी आहे, तिला दिलेला अर्थ नवा आहे. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या तर वाद बराच निवळतो.


उत्तरेचा वारा

मी गेली अकरा वर्षे स्कॉटलंडमध्ये, पर्थजवळ राहतो. टार्टनवर भरपूर लिहून झाले आहे, त्यामुळे मी दुसऱ्या एका वस्तूबद्दल लिहितो. माझ्या मते या देशाचे सर्वांत खोल प्रतीक म्हणजे एक साधा, तांबूस वालुकाश्माचा ठोकळा आहे. त्याला स्कोनचा पाषाण किंवा भाग्यशिला म्हणतात.

स्कॉटिश राजांचा राज्याभिषेक स्कोन येथे या शिळेवर होत असे. १२९६ मध्ये इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने ती उचलून वेस्टमिन्स्टर अॅबीत नेली आणि तिच्यासाठी लाकडी सिंहासन बनवून घेतले. पुढे सुमारे सातशे वर्षे इंग्लंडचे आणि नंतर ब्रिटनचे राजे त्या शिळेवरच अभिषिक्त होत राहिले. १९५० च्या नाताळच्या पहाटे ग्लासगोच्या चार विद्यार्थ्यांनी ती अॅबीतून बाहेर काढली. ओढताना तिचे दोन तुकडे झाले. सुमारे दीडशे किलो वजनाची शिळा त्यांनी मोटारीतून सीमेपार आणली, ती दुरुस्त करण्यात आली, आणि एप्रिल १९५१ मध्ये ती आर्ब्रोथच्या भग्न मठात स्कॉटलंडचा ध्वज पांघरून ठेवलेली आढळली. पोलिसांनी ती परत लंडनला नेली, पण त्या विद्यार्थ्यांवर खटला भरला गेला नाही. अखेर १९९६ मध्ये ती अधिकृतपणे स्कॉटलंडला परत आली, ३० नोव्हेंबर या संत अँड्र्यूच्या दिवशी एडिंबराच्या किल्ल्यात ठेवली गेली, २०२३ मध्ये तिसऱ्या चार्ल्सच्या राज्याभिषेकासाठी काही दिवस लंडनला नेली गेली आणि मार्च २०२४ पासून पर्थच्या नव्या संग्रहालयात आहे. तिचे मूळ स्थान असलेले स्कोन तेथून पाच किलोमीटरही दूर नाही.

संग्रहालय उघडल्यावर लगेच मी ती पाहून आलो. दोन्ही टोकांना लोखंडी कड्या आहेत, पृष्ठभागावर छिन्नीचे घाव आहेत, आणि १९५० मध्ये गेलेला तडा नीट पाहिल्यास दिसतो. शेजारी उभ्या असलेल्या एक वृद्ध बाई आपल्या नातवाला तो तडाच दाखवत होत्या. सोन्याच्या मुकुटापुढे लोक जसे उभे राहतात तसे येथे राहत नाहीत. थोडे वाकून, घरातली जुनी वस्तू न्याहाळावी तसे पाहतात. भूशास्त्रज्ञांनी ही शिळा स्कोनच्याच परिसरातल्या खडकाची असल्याचे दाखवून दिले आहे. त्यामुळे ती पवित्र भूमीतून आली या दंतकथेला आधार राहत नाही, पण माझ्या दृष्टीने तिचे मोल त्यामुळे वाढते. ती त्याच मातीतली आहे.

शिळा आर्ब्रोथलाच ठेवण्यामागेही अर्थ होता. ६ एप्रिल १३२० हा दिनांक असलेले आर्ब्रोथचे घोषणापत्र म्हणजे स्कॉटिश सरदारांनी पोप बाविसावे जॉन यांना लिहिलेले लॅटिन पत्र. आपल्यातले शंभर जण जरी जिवंत राहिले तरी इंग्रजांचे स्वामित्व आम्ही पत्करणार नाही, असा त्याचा आशय आहे. मला त्याहून विलक्षण वाटते ते त्यातले दुसरे विधान. आपला राजा रॉबर्ट ब्रूस याचे गुणगान करून झाल्यावर सरदार लिहितात की त्याने राज्य इंग्रजांच्या हवाली करण्याचा प्रयत्न केला, तर त्यालाच शत्रू मानून आम्ही हाकलून देऊ आणि दुसरा राजा करू. चौदाव्या शतकात राजाला अशी अट लेखी घालणे ही सामान्य गोष्ट नव्हे.

ध्वजाबद्दल थोडक्यात : निळ्यावर पांढरा तिरपा क्रूस हा संत अँड्र्यूचा क्रूस. नवव्या शतकात अॅथेलस्टेनफोर्डच्या लढाईपूर्वी राजा अँगसला तो निळ्या आकाशात ढगांच्या रूपाने दिसला अशी आख्यायिका आहे. सोनेरी पार्श्वभूमीवरचा तांबडा सिंह हे राजाचे निशाण आहे, राष्ट्रध्वज नव्हे, जरी फुटबॉलच्या सामन्यांत ते सर्रास फडकताना दिसते. काटेरी फुलाचे, म्हणजे थिसलचे, चिन्ह १४७० मध्ये तिसऱ्या जेम्सच्या चांदीच्या नाण्यांवर आले. आणि राष्ट्रीय प्राणी आहे युनिकॉर्न, एकशिंगी घोडा. १६०३ पूर्वी राजचिन्हाच्या दोन्ही बाजूंना युनिकॉर्नच असत. राज्ये एकत्र आल्यावर एकाच्या जागी इंग्लंडचा सिंह आला. राहिलेल्या युनिकॉर्नच्या गळ्यात साखळी दाखवलेली असते.


षड्ज

पाइपवादनाबद्दल, म्हणजे बॅगपाइपबद्दल, कोणी लिहिले नाही, म्हणून मी लिहितो. मी हिंदुस्थानी संगीताचा विद्यार्थी आहे. काही वर्षांपूर्वी हायलँड पाइपचे अभिजात संगीत, ज्याला पिबरोख किंवा केओल मोर म्हणजे 'थोर संगीत' म्हणतात, ते प्रथम ऐकले तेव्हा ते मला परके वाटलेच नाही. या वाद्याला तीन अखंड सुरांच्या नळ्या असतात, दोन मधल्या पट्टीच्या आणि एक खर्जाची. तंबोऱ्यासारखा तो आधारस्वर कधी थांबत नाही. मुख्य नळीवर फक्त नऊ स्वर निघतात. आवाज कमीजास्त करता येत नाही आणि मध्ये विराम घेता येत नाही, त्यामुळे एकच स्वर लागोपाठ दोनदा वाजवायचा तर मध्ये बारीकसा कण लावून तो तोडावा लागतो. पाइपवादकाची सारी तयारी या कणांच्या सफाईत दिसते.

रचनेची सुरुवात उर्लार या संथ भागाने होते. गेलिकमध्ये या शब्दाचा अर्थ जमीन. त्यावर क्रमाने अधिकाधिक दाट अलंकारांचे भाग येतात आणि शेवटी वादक पुन्हा उर्लारवर येतो. सर्वांत आनंदाची गोष्ट ही की हे संगीत पिढ्यान्‌पिढ्या तोंडी बोलांनी शिकवले जात असे. या बोलांना कॅन्टरख्ट म्हणतात : 'हिहारिन', 'होदिन' असे निरर्थक वाटणारे उच्चार, पण त्यांतले स्वर सुरांसाठी आणि व्यंजने कणांसाठी योजलेली. पखवाजाचे बोल जसे हाताआधी तोंडात बसवतात तसेच हे. स्काय बेटावरच्या डनव्हेगन येथील मॅकलाउड प्रमुखांकडे मॅकक्रिमन हे घराणे वंशपरंपरेने पाइपवादक होते, आणि 'घराणे' हा शब्द मी येथे आपल्या पूर्ण अर्थाने वापरत आहे.

कलोडननंतरच्या कायद्यात पाइपवर बंदी घातली असे अनेक ठिकाणी लिहिलेले असते. कायद्याच्या मजकुरात पाइपचा उल्लेख नाही. मात्र जेम्स रीड या जॅकोबाइट पाइपवादकाला १७४६ मध्ये यॉर्क येथे फाशी दिले गेले. आपण शस्त्र हाती धरले नव्हते हा त्याचा बचाव न्यायालयाने मानला नाही. हायलँडची पलटण पाइपाशिवाय चाल करत नाही, म्हणून ते युद्धाचेच साधन ठरते, असे न्यायालयाचे म्हणणे पडले.


दख्खनी

या विषयाचा आपल्या मातीशी थेट संबंध आहे. जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात असई हे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळना आणि जुई या नद्यांच्या मधल्या भूमीवर शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी आर्थर वेलस्लीची लढाई झाली, तीत ७४ वी आणि ७८ वी अशा दोन हायलँड पलटणी होत्या. ७४ वी पलटण वाट चुकून असई गावाच्या रोखाने सरकली आणि शिंद्यांच्या तोफांपुढे तिची जवळजवळ राखरांगोळी झाली.

७८ व्या पलटणीची पूर्वपीठिका या धाग्याच्या विषयाशी जोडलेली आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेतील रॉस या परगण्यात जमीनदार मेंढ्यांच्या मोठ्या कुरणांसाठी माणसे हलवू लागले, तेव्हा १७९२ मध्ये तेथील लोकांनी मेंढ्यांचे कळप हाकलून परगण्याबाहेर काढण्याचा प्रयत्न केला. सैन्य बोलावून तो मोडला गेला. पुढच्याच वर्षी, १७९३ मध्ये, त्याच भागात मॅकेंझी कुळाच्या प्रमुखाने ही पलटण उभी केली. ज्यांच्या गावात माणसांपेक्षा मेंढ्यांना मोल येत होते, अशा घरांतली मुले दहा वर्षांनी मराठ्यांच्या तोफांवर चालून गेली. असईच्या शिवारात दोन्ही बाजूंना जे पडले, ते दोन्हीकडचे शेतकऱ्यांचेच मुलगे होते, हे मला कधी विसरता येत नाही.

मराठीत 'कूळ' या शब्दाचे दोन अर्थ आहेत : वंश आणि दुसऱ्याची जमीन कसणारा. गेलिकमधला 'क्लान' हा शब्द मूळचा 'मुले' या अर्थाचा. हायलँडमधला सामान्य मनुष्य प्रमुखाचा भाऊबंदही होता आणि त्याच्याच जमिनीवर राबणारा खंडकरीही होता. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून प्रमुखांनी पहिले नाते विसरून दुसऱ्यावर बोट ठेवले. सदरलँडमध्ये १८१४ साली स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यातील घरे रिकामी करून छपरे जाळली गेली; कारभारी पॅट्रिक सेलर याच्यावर १८१६ मध्ये खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. कसणाऱ्यांना जमिनीवरून काढता येणार नाही असे संरक्षण १८८६ च्या कायद्याने मिळाले. आपल्याकडच्या १९४८ च्या कूळकायद्याची ज्यांच्या घरात आठवण आहे, त्यांना त्या कायद्याचे मोल सांगावे लागणार नाही.

आता तारखा जुळवून पाहा. एडिंबरामध्ये १८२२ साली कुळप्रमुख टार्टन घालून मिरवत होते, त्याच दशकांत त्यांतल्या काहींच्या जमिनीवरून त्यांची कुळे हलवली जात होती. माळरान यांच्या प्रश्नाचे एक उत्तर मला येथे दिसते. हायलँडर माणूस जमिनीवरून नाहीसा होऊ लागला, त्याची भीती उरली नाही, तेव्हाच त्याचा वेश सर्वांना हवासा झाला.

मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत प्रथम सविस्तर लिहिणारे, १८२६ मध्ये तीन खंड प्रसिद्ध करणारे जेम्स ग्रँट डफ हे बॅन्फचे, आणि मुंबईच्या विल्सन महाविद्यालयाचे संस्थापक जॉन विल्सन हे लॉडरचे, म्हणजे दोघेही स्कॉटिश होते, हेही नोंदवून ठेवतो.


उत्तरेचा वारा

दख्खनी, आपला प्रतिसाद वाचून बराच वेळ विचार करत बसलो. वेश सर्वांचा झाला, भाषेचे मात्र तसे झाले नाही, एवढी भर घालतो. १८७२ च्या शिक्षण कायद्याने शाळा सर्वांसाठी सक्तीच्या झाल्या, पण त्यात गेलिकला स्थान नव्हते. शाळेत गेलिक बोलल्याबद्दल मार खाल्ल्याच्या आठवणी बेटांवरच्या घरांत आजही सांगितल्या जातात. २०२२ च्या जनगणनेत गेलिक बोलू शकणाऱ्यांची संख्या सुमारे ७० हजार निघाली. दहा वर्षांपूर्वीपेक्षा ती वाढली आहे, कारण शहरांतील गेलिक माध्यमाच्या शाळांतून नवी मुले तयार होत आहेत. पण ज्या पश्चिम बेटांवर ती घरची भाषा होती, तेथे ती बोलू शकणाऱ्यांचे प्रमाण निम्म्याच्या खाली गेले आहे. लोलँडची स्कॉट्स ही तर रॉबर्ट बर्न्स यांची भाषा. त्यांच्या जन्मदिनी, २५ जानेवारीला, देशभर पंगती बसतात, हॅगिस या मांसाच्या पदार्थापुढे त्यांची कविता म्हटली जाते, आणि तरीही ही भाषा म्हणजे बिघडलेली इंग्रजी असे मानणारे लोक मला कार्यालयात रोज भेटतात. २००५ मध्ये गेलिकसाठी कायदा झाला आणि २०२५ च्या कायद्याने दोन्ही भाषांना अधिकृत स्थान दिले. उशीर झाला, पण झाले.


आडवा धागा

भाषेचा विषय निघाला म्हणून आणखी एक गोष्ट सांगते. पश्चिम बेटांवर विणून झालेले लोकरी कापड घट्ट करण्यासाठी बायका लांब फळीभोवती बसून ते ओले कापड तालात आपटत आणि एकीकडून दुसरीकडे सरकवत. एक बाई ओळ म्हणे, बाकीच्या धृपद धरत. या गाण्यांना ओरन लुअइ म्हणतात. त्यांत कोणाचा नवरा समुद्रात बुडालेला असतो, कोणाचा भाऊ लढाईत पडलेला असतो, आणि प्रमुखांवर, प्रियकरांवर, शेजारणींवर बायका जे मनात आहे ते म्हणतात. जात्यावरच्या ओव्या ज्यांनी आजीच्या तोंडून ऐकल्या आहेत, त्यांना ही गाणी ओळखीची वाटतील. कापड झाले की गाणे झाले. टार्टनच्या इतिहासात प्रमुखांची आणि गिरण्यांची नावे येतात, पण ते कापड ज्यांच्या हातांखालून गेले त्या बायकांचा शब्द या गाण्यांतच उरला आहे.

जिज्ञासू यांनी जुनेपणाचा प्रश्न काढला होता, त्यासाठी शेवटची नोंद. ग्लेन अफ्रिक या दरीतल्या दलदलीत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कापडाचा एक तुकडा सापडला. पीटच्या चिखलात हवा पोहोचत नाही म्हणून तो कुजला नव्हता. २०२३ मध्ये त्याची तपासणी प्रसिद्ध झाली आणि तो १५०० ते १६०० या काळातला ठरला. आज ज्ञात असलेल्या स्कॉटिश टार्टनांत तो सर्वांत जुना आहे. त्यात कृत्रिम रंगाचा अंश नाही. हिरवा, तपकिरी आणि बहुधा तांबडा व पिवळा अशा रंगांचे चौकडे ओळखता येतात. तो डंडीच्या संग्रहालयात मांडला होता तेव्हा मी पाहिला. साधारण अर्धा मीटर लांबीचा, कडा फाटलेला, चिखलाच्या रंगाचा तुकडा आहे. सूत जाडेभरडे आहे, त्यावरून तो राजाच्या किंवा सरदाराच्या अंगावरचा नसून बाहेर काम करणाऱ्या माणसाच्या वस्त्राचा असावा असे अभ्यासकांचे मत आहे. काचेला नाक लावून पाहिले तेव्हा बाणा दोन ताण्यांवरून, दोन ताण्यांखालून जाताना स्पष्ट दिसत होता.